एका पत्त्यावर अकराशे माणसं

माझी दहावीपासून एमसीएपर्यंतची मूळ गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला पाच वर्षं एका हिरव्या लोखंडी कपाटात होते. कपाट संस्थेचं, आणि त्याची किल्ली आबांच्या टेबलाच्या खणात. आबा म्हणजे आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांना साहेब म्हटलेलं चालत नाही, आबाच म्हणायचं. आणि एकदा आबा म्हटलं की माणसाला भांडता येत नाही.

आमच्याकडची रीतच तशी. तात्पुरत्या नेमणुकीवर लागायचं तर ओरिजनल जमा करायचे. मी जमा करताना पोचपावती मागितली तेव्हा कार्यालयातले क्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "भरोसा नही शे का, मॅडम?" मी हसले आणि पाकीट दिलं. त्या हसण्याचा मला पुढे पाच वर्षं राग येत राहिला.

असे कागद अडकवून ठेवता येत नाहीत असा नियम आहे म्हणतात. असेल. नियम मुंबईला आहे, कपाट इथे आहे. विद्यापीठातून दुय्यम प्रती काढायच्या तर कागद हरवल्याची पोलिसांत नोंद लागते, आणि माझे कागद हरवले नव्हते. कार्यालयात गेलं की समोरच होते, पत्र्याच्या पलीकडे.

तर अशात मला नाशिकच्या एका कंपनीत काम मिळालं. पगार थोडासाच जास्त होता, पण नेमणुकीच्या पत्रावर 'प्रोग्रामर' लिहिलेलं होतं. इथल्या माझ्या पत्रावर पदाच्या रकान्यात 'इतर' असं आहे. खाली एक ओळ होती: पहिल्या तारखेला सर्व मूळ कागदपत्रांसह हजर राहावे, अन्यथा निवड रद्द समजावी. हातात तेरा दिवस होते.

मी आबांकडे गेले. ते वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते नीट घडी घालून ठेवलं. हे वाईट लक्षण होतं, कारण नाही म्हणायचं असेल तर ते वर्तमानपत्राआडूनच म्हणतात; घडी घातली म्हणजे बदल्यात काहीतरी हवं असतं. "तू जायजो, बेटा," ते म्हणाले. "कोनी आडं येत नही. पन जाता जाता एक काम करी दे."

काम असं होतं. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती, आणि त्याआधी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचा होता. आबांनी कुठल्याशा बैठकीत ऐकलं होतं की दुसरी एक संस्था आपल्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना मेलने पत्रं पाठवते आणि त्याचा रंगीत रिपोर्ट निघतो. "कितला जनसनी उघाडं ते बी समजस म्हने," आबा डोळे मोठे करून म्हणाले. तसा रिपोर्ट त्यांना समितीसमोर ठेवायचा होता. मेल गेले, रिपोर्ट निघाला, की कागद माझे.

मला वाटलं, एवढंच? चार दिवसांचं काम. घरी येऊन मायला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. "कागद हातमा येवू दे, मंग बोल," म्हणाली. माझी माय सातवी शिकलेली आहे आणि माणसं ओळखण्यात माझ्या एमसीएच्या पुढे आहे.

कॉलेजात माझी बसायची जागा म्हणजे पूर्वीची क्रीडा साहित्याची खोली. खिडकी नाही. एका कोपऱ्यात व्हॉलीबॉलची जाळी, गोळाफेकीचे गोळे आणि एक मोडका कॅरम, दुसऱ्या कोपऱ्यात मी आणि कॉम्प्युटर. दाराची कडी फक्त बाहेरून लागते. दोनदा मला आत ठेवून शिपाई दादा कडी घालून घरी गेले आहेत, आणि दोन्ही वेळा मला बाहेर काढलं ते ताईने.

ताई म्हणजे आमच्या कॉलेजची शिपाईबाई. डोंगरातली, मोलगीच्याही वरच्या एका पाड्यावरची, माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी असेल. बारावी तिची आमच्याच कॉलेजची. सकाळी वर्ग झाडायचे, पाणी भरायचं, घंटा द्यायची, चहा आणायचा, आणि आबांना फाइल लागली की कपाट उघडून फाइल द्यायची. नोकरी तिचीही तात्पुरतीच, नऊ वर्षं होत आली तरी. वर्षातून एकदा काठी गावच्या होळीला ती चार दिवसांची सुट्टी मागते आणि आबा दोन देतात. ती मला मॅडम म्हणते, मी तिला ताई.

कामाला लागले. मेल पाठवणारी कंपनी परदेशातली. तिच्या यंत्रणेशी आपल्या वेबसाइटने परस्पर बोलायचं असेल तर मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला क्लायंट म्हणतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दुभाष्याचं महत्त्व कुणाला सांगायला नको. पाड्यावरून आलेली म्हातारी पावरीत बोलते, तिचा नातू अहिराणीत सांगतो, आणि कचेरीतला माणूस ते मराठीत लिहून घेतो. हा दुभाषा पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला होता, फुकट मिळत होता, फक्त बसवायचा होता. बसवायला गेले आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली.

पहिलं विघ्न, आमच्या सर्व्हरवरची पीएचपी इतकी जुनी की दुभाष्याने तिच्याशी बोलायलाच नकार दिला. सर्व्हर सुरतेच्या एका माणसाकडून भाड्याने घेतलेला. तो मेलला उत्तर देत नाही, फोनवर 'हो जायेगा बेन' म्हणतो. दोन दिवस होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी झालं, तर कॉलेजची जुनी वेबसाइट बंद पडली, आणि प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं की मी जाता जाता सूड उगवते आहे का. मग वेबसाइटची चाळीस पानं एकेक करून दुरुस्त केली. त्या पानांवर अजून मागच्या मागच्या प्राचार्यांचा फोटो होता, तोही बदलला.

मग दुभाष्याच्या सोबतची वीस-पंचवीस पाकिटं, म्हणजे त्याला लागणारे कोडचे गठ्ठे. ती सर्व्हरवर थेट उतरवायची सोय नाही, म्हणून माझ्या लॅपटॉपवर उतरवून एकेक फाइल वर चढवायची. निम्मं चढलं की लाइट जायची. चढवून झालं तर कंपनीने दिलेली किल्ली चालेना. किल्ली म्हणजे तीसेक अक्षरांची एक ओळ, आणि तिच्या शेपटाला दोन-तीन अक्षरं असतात ती वेगळी सांगावी लागतात, हे मला दीड दिवसाने कळलं. यंत्र आपलं एकच उत्तर देत होतं: परवानगी नाही. तेही आबांचंच मावसभाऊ निघालं.

ताई दुपारी चहा आणायची आणि दारात उभी राहून पडद्याकडे बघायची. "मॅडम, ते मशीन काय बोलतो?" "नाही म्हणतो." "मग तुम्ही जेवून घ्या. नाही म्हणणारा काय पळून चालला?" एवढं बोलून कप घेऊन जायची. त्या आठवड्यात माझ्याशी शहाणपणाचं बोललेलं तेवढं एकच माणूस.

आठव्या दिवशी यंत्राने हो म्हटलं. मी मलाच एक चाचणीचं पत्र पाठवलं, ते दोन सेकंदांत आलं, आणि त्या खोलीत मी टाळ्या वाजवल्या. ऐकायला कॅरम होता.

मग यादी. कार्यालयाकडे प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जांवरून केलेली माजी विद्यार्थ्यांची यादी होती, तीन हजार आठशे नावं, प्रत्येकापुढे मेलचा पत्ता. मी कोडमध्ये साधं सांगितलं होतं: हा पत्ता यादीत नसेल तर घाल, असेल तर त्याची माहिती नव्याने लिही. चालवलं. पडद्यावर एकामागून एक ओळ येत गेली: झालं, झालं, झालं. तीन हजार आठशे वेळा झालं. एकही चूक नाही. मी ऐटीत कंपनीच्या पानावर जाऊन एकूण माणसं पाहिली. सहाशे बारा.

पुन्हा चालवलं. सहाशे बारा. पुसून नव्याने चालवलं. सहाशे बारा. यानंतरचे दोन दिवस मी मूर्खासारखी कोडमध्ये चूक शोधत होते. एका वेळी इतकीच नावं घेतो का, देवनागरी नावांमुळे अडखळतो का, मध्येच दमतो का. रात्री झोपेतसुद्धा माझी बोटं हलत होती असं मायने सांगितलं. नाशिकला फोन करून चार दिवस वाढवून मिळतील का विचारलं, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी मॅम, वेटिंगमध्ये कॅन्डिडेट आहेत." मला गाडलं जात असल्यासारखं वाटत होतं. खोलीचं दार मी एक वीट लावून उघडं ठेवायला लागले.

शेवटी कोड बाजूला ठेवला आणि यादीच पत्त्यांप्रमाणे लावून पाहिली. चूक कुठेच नव्हती. तोच पत्ता, खाली तोच पत्ता, खाली तोच, आणि प्रत्येकापुढे वेगळं नाव, वेगळं गाव. यंत्राच्या लेखी एक पत्ता म्हणजे एक माणूस. प्रत्येक नव्या नावाने त्याने आधीचं नाव पुसलं होतं आणि प्रामाणिकपणे झालं म्हटलं होतं. बसस्टँडजवळच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानाच्या मालकांचा पत्ता नऊशे वेळा होता. त्याहून जास्त, अकराशे वेळा, दुसरा एक पत्ता होता. तो माझा होता.

मी आधी हसले. खरंच हसले. मग हसू थांबलं.

कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना मी त्या दुकानात फॉर्म भरायला बसायचे. जून-जुलैत रांग रस्त्यापर्यंत जायची. मोलगीकडून, धडगावकडून जीप भरून पोरं-पोरी यायची, काही निम्मी वाट चालत आलेली, आणि परतीची जीप चुकली तर रात्र स्टँडवर. फॉर्ममध्ये मेलच्या रकान्यापुढे लाल तारा. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मेल कुणाकडेच नाही. नवा काढायचा तर मोबाइलवर आकडा यायला हवा, मोबाइल घरात एकच, तो बापाकडे, आणि पाड्यावर रेंज नाही. मागे चाळीस जणं उभी. मग काय, माझाच पत्ता टाकायचे. मालक त्यांचा टाकायचे, मी माझा. आम्हाला वाटायचं आपण पुण्य करतो आहोत. "काही आलं की सांगू, पुढच्या बाजाराला येऊन विचारून जा," असं म्हणायचं आणि पुढचा फॉर्म घ्यायचा.

नंतर मी एमसीएला गेले. नोकरीसाठी चांगला दिसणारा नवा पत्ता काढला. जुना फोनमध्ये तसाच राहिला, त्याच्यावर फोन चालतो म्हणून. त्याची पेटी मात्र कधी उघडली नाही. न वाचलेल्या पत्रांचा लाल आकडा वाढत गेला तसा मी तो दिसायचाच बंद करून टाकला.

मी आबांना जाऊन खरं सांगितलं. यादीत माणसं तीन हजार आठशे आहेत, पण पत्ते सहाशे बाराच. आबांचा चेहरा उतरला. "संस्थाले चाळीस वरीस व्हई गयात, अन् माजी विद्यार्थी सहाशे?" मी म्हटलं, आबा, माणसं आहेत, पत्ते नाहीत. आपण मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जीपवाल्यांकडे चिठ्ठ्या देऊ, चार दिवसांत पाड्यापाड्यावर निरोप जाईल. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याना रिपोर्ट निंघस का?"

रिपोर्ट निघत नाही. जीपवाल्याने निरोप दिला तर माणूस येतो, पण रंगीत तक्ता येत नाही. आबांनी वर्तमानपत्र उचललं आणि त्याच्या आडून म्हणाले, "मेल गयात का कागद ली जाय."

तीन दिवस उरले होते. मी जे केलं ते आता सांगते. पत्त्यात मध्ये जे गोल चिन्ह असतं, त्याच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा आकडा चिकटवला, तर पत्र त्याच पेटीत येतं, पण पाठवणाऱ्या यंत्राला तो निराळा माणूस वाटतो. कोडमध्ये तीन ओळी वाढवल्या. जो पत्ता दुसऱ्यांदा येईल त्याला क्रमांक जोड. माझे अकराशे झाले, मालकांचे नऊशे झाले, इतर दुकानांचे झाले. तीन हजार आठशे. ते लिहिताना माझा हात कापला वगैरे काही नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पहिल्या फटक्यात चाललं म्हणून बरंच वाटलं.

पत्रं गेली. पाचव्या मिनिटाला दुकानाच्या मालकांचा फोन. "पोरी, काय चालनं हाई? फोन टनटन वाजी ऱ्हायना!" मी म्हटलं, काका, आबांचं काम आहे, जमतील तेवढी पत्रं उघडा, उघडलेली मोजली जातात. ते उघडायला लागले आणि नावं वाचायला लागले, सगळी त्यांच्या ओळखीची. "ह्या बठासले मी वळखस. हाऊ तं आते एसटीमा कंडक्टर शे. हाई पोरगी नवापूरले दिन्ही. याना बाप मन्हाकडे अजून येस. फोन करू का यासले, मेळाव्याना?" मी म्हटलं, नको काका, नुसतं उघडा. नको का म्हटलं ते मलाही कळलं नाही. बहुधा मला घाई होती. त्या दुकानात शिकलेली घाई.

मलाही माझी अकराशे उघडायची होती, कारण आबांना तक्त्यात 'उघडलं' हा रंग मोठा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी पेटी उघडली आणि बसले. प्रिय अमुक, आपल्या कॉलेजच्या मेळाव्यास आपण अगत्य यावे. प्रिय तमुक, आपण अगत्य यावे. उघड, बंद कर, पुढचं. नावं ओळखीची वाटत होती, चेहरे आठवत नव्हते. दुपारपर्यंत निमंत्रणं संपली आणि बोट सवयीने खाली सरकत राहिलं, तर त्यांच्याखाली जुनी पत्रं होती. जाहिराती, आणि जाहिरातींच्या मध्ये मध्ये ही: आपल्या अर्जात त्रुटी आहे, सात दिवसांत पूर्तता करावी. आपले प्रवेशपत्र सोबत जोडले आहे. शिष्यवृत्तीसाठी बँक खात्याचा तपशील द्यावा. दुसऱ्या फेरीत आपली निवड झाली आहे. प्रत्येकाच्या वर वेगळं नाव, आणि सगळी मला. सगळी ठळक अक्षरांत, म्हणजे कुणीच न उघडलेली. मी ती मोजली नाहीत. मोजायची छाती झाली नाही.

कागद अडकवून ठेवल्याबद्दल मी पाच वर्षं आबांना शिव्या देत होते. मनातल्या मनात, पण भरपूर.

खूप खाली, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांतलं एक पत्र होतं. नर्सिंग प्रशिक्षणाच्या प्रवेशासाठी बोलावणं. वर ताईचं नाव, ताईच्या पाड्याचं नाव. मला तिचा फॉर्म भरल्याचं आठवत नव्हतं. ती विचारायला आली असेल आणि मी नाही म्हणून मान हलवली असेल, कारण त्या दिवसांत मी सगळ्यांनाच नाही म्हणत होते. पाहून म्हटलं की न पाहता, हा प्रश्नच नव्हता. पत्र ठळक अक्षरांत होतं.

मी पेटी बंद केली. त्या दिवशी ताई चहा घेऊन आली तेव्हा मी पडद्याकडे बघत राहिले. नाही सांगितलं. मला भीती वाटली, आणि नुसती तिच्या रागाची नाही. कागद अजून कपाटात होते, आणि ताई आबांसमोर काही बोलली तर रिपोर्टचं बिंग फुटेल हा विचार माझ्या मनात आला. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तो विचार आला होता.

रिपोर्ट सुंदर निघाला. निळा, हिरवा, केशरी. आबांनी तो जाड कागदावर छापून घेतला, दोनदा चष्मा पुसून पाहिला आणि मला म्हणाले, "तू गई तं हाई कोन चालाडी?" घोडं गंगेत न्हालं म्हणावं तर हे नवीनच. मी घाईघाईने म्हटलं की सगळं एका वहीत लिहून ठेवलं आहे, कुणालाही चालवता येईल, एक बटण दाबायचं आहे. आबांनी केशरी रंगावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी खण उघडला, किल्ली काढली आणि दारातल्या ताईला हाक मारली. "मॅडमना कागद देई दे."

मी माझ्या खोलीत येऊन पिशवी भरत होते. वीस मिनिटांनी ताई आली. एका हातात खाकी पाकीट, दुसऱ्या हातात किल्ली. पाकीट मी तिथेच उघडून एकेक कागद पाहिला. सगळे होते, पावसाळी वास लागलेले, पण सगळे. मी नंदुरबारच्या गाडीची वेळ पाहिली. पाऊण तास होता.

ताई गेली नाही. दारात उभी राहिली. "मॅडम, ते मेळाव्याचं निमंत्रण सगळ्यांना गेलं ना? मी पण इथलीच बारावी. मला पण गेलं का?"

"गेलं," मी म्हटलं.

"कुठे गेलं?"

साधा प्रश्न होता. ती खरंच विचारत होती. मी पिशवी खाली ठेवून खुर्चीत बसले. मी फोन काढला, जुनी पेटी उघडली आणि तिला सांगितलं. तुझं निमंत्रण माझ्याकडे आलं. आणि आणखी एक पत्र आलं होतं तुझं, खूप आधी. दुकानात फॉर्म भरला होतास ना, त्याचं. ते आलं होतं, ताई. मी पाहिलं नाही.

तिने फोनकडे पाहिलं, पण हातात घेतला नाही. "वाचा ना," म्हणाली.

मी वाचलं. आपला अर्ज प्राप्त झाला असून गुणवत्ता यादीत आपले नाव आहे. प्रशिक्षण काळात राहण्याची व जेवणाची सोय आहे. दहा दिवसांच्या आत सर्व मूळ कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा निवड रद्द समजावी. कचेरीची मराठी तिला कळते की नाही म्हणून मी पुन्हा सोप्या भाषेत सांगायला लागले, तर तिने हाताने थांबवलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "तुम्हीच भरला होता तो फॉर्म. हिरवा पंजाबी होता तुमच्या अंगात. मी दोन बाजार आली विचारायला."

म्हणजे तिला आठवत होतं. पाच वर्षं तिला माहीत होतं की मी कोण, आणि ती मला चहा आणून देत होती. मी म्हटलं, "मला माफ कर." ते इतकं तोकडं वाटलं की मी पुन्हा म्हटलं.

"मी गेली असती," ताई म्हणाली. "तेव्हा माझे कागद माझ्यापाशीच होते. घरात, पेटीत. इथे लागली तेव्हा दिले."

मला तेव्हा कुठे लक्षात आलं. तिची बारावी, तिचा दाखला, तिचा जातीचा दाखला, सगळं त्याच कपाटात होतं. आत्ता वीस मिनिटांपूर्वी तिने ते कपाट उघडलं होतं. माझं पाकीट शोधताना तिचं पाकीट तिच्या हाताखालून गेलं असणार. मी उठले. तिच्या मुठीतल्या किल्लीकडे बोट दाखवून म्हटलं, "ताई, किल्ली तुझ्याच हातात आहे. जा, तुझेही काढून घे. मी थांबते इथे. मी बघते आबांचं काय ते."

तिने किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मी काहीतरी भलतंच बोलते आहे अशा नजरेने.

"आबांनी तुमचेच सांगितले, मॅडम," ती म्हणाली, आणि किल्ली परत द्यायला गेली.